मेंढ्यांना देवी

बुधवारी सकाळी चुडामण नानांच्या खळ्यात एकशे चौदा माणसं, नऊ शेळ्या, एक दुभती म्हैस आणि एक फुगेवाला, असे सगळे मिळून एका मेंढीच्या शिंकेची वाट बघत उभे होते.

आकडा अंदाजाचा नाही, मी मोजला. काळझिरे ग्रामपंचायतीत मी सव्वीस वर्षं लिपिक आहे. जन्म, मृत्यू, विवाह आणि हातपंपाच्या तक्रारी लिहून लिहून डोळ्यांनाच खोड लागली आहे. चार माणसं एकत्र दिसली की मी मनात रकाने आखायला लागतो.

मेंढी लाकडी बाकावर उभी होती. अंगावर हिरवा खण, कपाळावर मळवट, गळ्यात झेंडूची माळ. ही तिसरी माळ. पहिल्या दोन तिने खाल्ल्या होत्या, आणि भक्तांनी त्याला ‘मायने प्रसाद घेतला’ असं म्हटलं होतं.

तिच्या शेजारी भटूमहाराज. भगवा सदरा, डोळ्यांत काजळ, कमरेला लाल मखमली बटवा.

“प्रश्न एकच विचारायचा,” महाराज म्हणाले. “मनात किंतू नको. मोबाइल सायलेंट करा, मायच्या लहरी कापल्या जातात. आणि लक्षात ठेवा मंडळी, शिंक येते कुठून? नासिकेतून. नासिका म्हणजे नाशिक. नाशिक म्हणजे कुंभ. ज्याने मायची एक शिंक अंगावर घेतली त्याचा अर्धा कुंभ घरबसल्या झाला!”

“वा, वा!” अभिमन आबांनी मान डोलावली.

खालच्या गल्लीची ताईबाई मुलाच्या बदलीचं विचारायला पुढे झाली. “साक्रीमाय, मना आंडोरनी बदली जळगावले व्हई का?”

महाराजांनी बटव्यातून कुंकवाची चिमूट काढली, ओठ हलवले आणि ती मेंढीच्या नाकाला लावली. खळं चिडीचूप. एक, दोन, तीन, चार… मेंढीने वरचा ओठ ताणला, मान गदागदा हलवली, पाय आपटला आणि फ्रूं करून शिंकली. मग पुन्हा एकदा शिंकली.

“दोन! डबल!” आबा नाचायचे बाकी राहिले. “व्हई, ताईबाई, बदली व्हई!”

या अभिमन आबांची जरा ओळख करून देतो. वय बाहत्तर. मागच्या वैशाखात धाकट्या लेकीची वरात दारातून निघताना कोणीतरी शिंकलं, तर आबांनी सबंध वरात बँडसकट पाऊण तास उन्हात उभी करून ठेवली होती. बँडवाल्याला चक्कर आली होती. त्या माणसाला आता शिंक ऐकण्यासाठी पहिल्या रांगेत जागा हवी होती, आणि त्याने ती उपरणं टाकून धरून ठेवली होती.

*

आता हे सुरू कसं झालं ते सांगतो.

चुडामण नाना म्हणजे एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी साक्रीच्या गाडीवर. निवृत्तीनंतर गावातल्या कोणी केळी लावली, कोणी भजन धरलं. नानांनी मेंढ्या पाळल्या. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. साक्रीकडच्या एका मेंढपाळाकडून सात मेंढ्या आणल्या आणि त्यांना गावांची नावं दिली: साक्री, शिरपूर, धुळे, अमळनेर, पारोळा, यावल आणि बोदवड. खळ्याच्या भिंतीवर खडूने वेळापत्रक. सकाळी सात वाजता चरायला सुटायचं, अकराला परत. हातात पितळी घंटी. एकदा वाजवली की सातही जागेवर थांबायच्या, दोनदा वाजवली की साक्रीला पुढे घालून ओळीने निघायच्या. समोर माणूस असो, सायकल असो, लग्नाचा मांडव असो, डबल बेल झाली की गाडी सुटली.

“यावल पाच मिनिटं लेट शे,” असं नाना चिंतेने म्हणाले की गाव हसायचं. “नाना, रिझर्वेशन शे का?” असं पोरंटोरं विचारायची. कमलअक्का, म्हणजे नानांची बायको, हसत नसे. ती म्हणायची, “संसार केला एकतीस साल, तर घरी दिसले नही. आते दिसतस, तर मेंढ्यासमांगे दिसतस.”

सोमवारी दुपारी साक्री विचित्र वागायला लागली. उगीच शिंकायची, डोकं झटकायची, पाय आपटायची, दुसऱ्या मेंढीच्या लोकरीत नाक खुपसायची. आणि नेमकी त्याच सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक सूचना लागली होती:

‘मेंढ्यांना देवी. शुक्रवारी सर्वांनी जनावरांसह हजर राहावे.’

एवढंच. ती कोणी लिहिली, याची नोंद मी योग्य जागी देईन.

ताईबाई फळा वाचून आली होती. तिने खळ्यात डोकावून पाहिलं, तर साक्री मान घुमवत होती, पाय आपटत होती आणि तोंडातून फेस नाही पण नाकातून बरंच काही येत होतं. ताईबाई तिथेच पदर पसरून बसली. “मेंढीना आंगमा देवी उनी वं माय! फळावर लिखेल शे! सरकारनी लिखेल शे!”

माणसाच्या अंगात देवी येते हे गावाने पाहिलेलं होतं. मेंढीच्या अंगात आलेली प्रथमच. पण सरकारनेच कळवलं म्हटल्यावर शंका कोण घेणार? सरकार एरवी हातपंपाबद्दलही कळवत नाही.

मंगळवारी सकाळच्या पहिल्या गाडीने भटूमहाराज उतरले. कोण, कुठले, कोणी बोलावले, यातलं काहीही कोणी विचारलं नाही. “मला स्वप्नात लोकर दिसली,” एवढं ते म्हणाले आणि ते पुरलं. त्यांनी साक्रीच्या नाकाला कुंकू लावलं आणि साक्री अशी शिंकली, अशी शिंकली, की सोमवारच्या शिंका तिच्यापुढे नुसती तालीम वाटाव्यात.

“एक शिंक म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, ते मात्र मायनेच सांगावं,” असं महाराज म्हणत होते, तेवढ्यात नाना पुढे सरसावले. “त्यात काय सांगानं? सिंगल म्हणजे थांबा, डबल म्हणजे चला. मी एकतीस साल हाईच घंटी वाजाडी.”

“आणि तीन?”

“तीन म्हणजे गाडी भरेल शे, पुढला स्टॉपले थांबाव नही.”

महाराजांनी हे नियम तत्काळ दैवी ठरवले. तीन शिंकांचं त्यांनी ‘पुढल्या जन्मी’ असं भाषांतर केलं. अशा रीतीने एस.टी.ची घंटा देवीच्या मुखी गेली.

नानांना मी नंतर एकदा बाजूला घेतलं. “नाना, तुम्ही शिकलेसवरलेले. हे खरं वाटतं तुम्हाला?”

नाना घंटी पुसत राहिले. मग म्हणाले, “कुंदनभाऊ, दोन साल गाव हासनं मना मेंढ्यासले. काल सरपंचनी साक्रीना पाय धरात. माले वाटू दे ना थोडं.”

माणसाची हौस गावाने पहिल्यांदाच मानली होती; तिच्यात टाचणी कोण खुपसणार?

*

मी दुसरं काही करू शकत नव्हतो म्हणून नोंद ठेवली. एक जुनी वही घेतली, रकाने आखले: प्रश्न, कोणी विचारला, कुंकू लावलं का, किती आकड्यांनंतर शिंक, किती शिंका. अभिमन आबांना वाटलं मी मायचं चरित्र लिहितोय. ते मध्ये मध्ये सांगायचे, “लिखी ल्या, लिखी ल्या, मायनी आते डोया मिटात.”

वहीत गंमत दिसायला लागली. कुंकू लावलं की चार ते सहा आकड्यांत शिंक येणारच. चिमूट लहान असली तर एक, मोठी असली तर दोन. ज्याने नारळासोबत लुगडं आणलं त्याला मायचं ‘हो’ हमखास. नुसता नारळ आणणाऱ्याला ‘थांबा’. साक्री गावाहूनही एक कुटुंब आलं. ‘साक्रीमाय’ असं ऐकून देवी आपल्याच गावची, हिला परत न्यायला आलो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तीन शिंका मिळाल्या. पुढल्या जन्मी यायला सांगितलं.

आणि बुधवारी दुपारी महाराज जेवायला गेले. भरीत-भाकरी होती, त्यामुळे तास लागला. तेवढ्यात लोकांनी साक्रीला चौदा प्रश्न विचारले. देवी जेवायला गेलेली नव्हती, बाकावरच होती. चौदा प्रश्नांना शिंक आली एक, आणि तीही पहिला प्रश्न विचारण्याआधी.

मी हे वाचून एकटाच हसत होतो. गुरुवारी मात्र हसू गेलं.

गुरुवारी खाज्या आला. खाज्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. पावसावरची दीड एकर, जमेल तेव्हा मजुरी, आणि अकरा शेळ्या. घरात काही अडलं तर त्या शेळ्याच कामाला येतात, एरवी काही नाही. नऊ किलोमीटर चालत आला होता. नारळ नव्हता, पानात बांधलेली मूठभर चारोळी आणली होती.

“माय,” त्याने हात जोडले, “पाडावर सांगतस की शेळ्या-मेंढ्यासले फोड येणारी बिमारी फिरी राहिनी. उद्या आठे, तुमना गावमा, सुई देणारी डॉक्टरीण येस. मन्या अकरा शेळ्या शेतस. सुई देऊ का नको देऊ?”

महाराज क्षणभर थबकले. मग हसले. “अरे वेड्या, जी माय स्वतः आली तिला सुई टोचणार तू? पाहुणी दारात आली तर तिला खिळे मारतो का कोणी?” आणि अगदी बारकी चिमूट घेऊन त्यांनी साक्रीच्या नाकाला लावली.

एक शिंक.

“थांबा!” लोक ओरडले.

“मायनी ‘नही’ सांगं,” खाज्या म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. उद्या पुन्हा नऊ किलोमीटर शेळ्या हाकत आणायचं टळलं, रोगाची भीती टळली, सगळं एका शिंकेत. कागदात चिमूटभर कुंकू बांधून घेऊन तो निघाला. त्याच्या मागोमाग ताईबाईने जाहीर केलं की तीही आपल्या चार शेळ्या नेणार नाही. मग अजून कोणी, अजून कोणी. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत ‘नको’ म्हणणारी तेवीस घरं झाली.

नानांनी साक्रीच्या तोंडावरून हात फिरवला. तिची नाकपुडी आतून लालभडक झाली होती. “उद्या आपल्या सातही न्याल ना, नाना?” मी विचारलं.

“माय नको सांगस,” नाना म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

मी तिथून उठलो आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर चारुलता मॅडमना फोन लावला. वही फोनवरच वाचून दाखवली. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, “जेवणाच्या वेळी एकच शिंक? नक्की?”

“नक्की.”

“वही घेऊन या उद्या. आणि कुंदनभाऊ, त्या मेंढीला ताप आहे का, अंगावर फोड आहेत का, बघा बरं.”

ताप नव्हता. फोड नव्हते. माय ठणठणीत होती, नाक सोडून.

*

शुक्रवारी चारुलता मॅडम मोटारसायकलवर आल्या. मागे बर्फाची पेटी. चावडीसमोर टेबल मांडलं आणि वाट बघत बसल्या. जनावर एक आलं नाही. आली ती मिरवणूक. पुढे ढोल, मग अभिमन आबा, मग महाराज, मग साक्री आणि तिच्या मागे ओळीने बाकीच्या सहा, शेवटी घंटी घेऊन नाना. बाजूने कमलअक्का, कपाळाला आठ्या घालून. गर्दीत खाज्याही होता, शेळ्यांशिवाय. देवी डॉक्टरला कशी घालवते ते बघायला आला होता.

“बाई,” महाराजांनी आवाज चढवला, “मायला सुई चालत नाही. पेटी उचला.”

“उचलते,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “फक्त मला एक समजावून सांगा. देवी कुठे आहे? मेंढीत की कुंकवात?”

“मेंढीत! काय प्रश्न आहे हा!”

“मग कुंकू कुठलंही चालेल. अक्का, तुमच्या करंड्यातलं आणता का जरा?”

कमलअक्काचं घर समोरच. करंडा दोन मिनिटांत आला. मॅडमनी स्वतः चिमूट घेतली, चांगली मोठी, आणि साक्रीच्या नाकाला लावली. गाव मोजायला लागलं. एक, दोन, तीन, चार… दहा… वीस. साक्रीने जीभ बाहेर काढून नाक चाटलं आणि करंड्याकडे आशेने पाहिलं.

“माय रुसली,” महाराज म्हणाले. “परक्या हाताने लावलं ना!”

“बरोबर. तर मग तुम्ही लावा. अक्कांचंच कुंकू, तुमच्या हाताने.”

आता महाराजांना मागे हटता येईना. त्यांनी अक्कांचं कुंकू घेतलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ ओठ हलवले, लावलं. साक्री रवंथ करत राहिली.

गर्दीत चुळबुळ झाली. मी वही उघडली आणि जेवणाच्या तासाचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. चौदा प्रश्न, एक शिंक. लोकांनी आपापली नावं ऐकली. ज्यांना त्या तासात उत्तर मिळालं नव्हतं ते जरा पुढे सरकले.

“आता तुमच्या बटव्यातलं लावा,” मॅडम म्हणाल्या. “पण मेंढीला नको, तिचं नाक सोललंय. तुमच्या स्वतःच्या नाकाला.”

“मुहूर्त संपला!” महाराजांनी बटवा काखेत मारला आणि दोन पावलं मागे सरकले.

कमलअक्का तेवढ्यात बटव्याजवळ गेली, नाक फुगवून तिने वास घेतला. “आवं, हाऊ वास माले माहीत शे! मनी सासूना लुगडाले असाच वास ये. ती दिवसमा चार वेळा वढे. नुसतं कुंकू नही हाई, कुंकूमा तपकीर शे!”

“कोण म्हणतं? अपमान! मायचा अपमान! शाप लागेल!” महाराज ओरडत मागे मागे जात होते, आणि मागे जाता जाता नेमके साक्रीच्या समोर, रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

मी नानांकडे पाहत होतो. नाना साक्रीच्या नाकाकडे पाहत होते. ते लाल नाक, त्यावर साचलेली चार दिवसांची लाली. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं त्याला माझ्याकडे रकाना नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कमलअक्काकडे. मग हात वर केला आणि घंटी वाजवली.

टण. टण.

डबल बेल.

साक्री सुटली. तिच्या मागे शिरपूर, धुळे, अमळनेर, पारोळा, यावल (आज अगदी वेळेवर) आणि बोदवड. महाराजांना बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. साक्रीने त्यांना गुडघ्यात धरलं, शिरपूरने बसवलं, धुळे वरून गेली. बटवा फुटला आणि त्यातला सगळा माल महाराजांच्या तोंडावर उडाला. क्षणभर फक्त लाल ढग दिसला.

मग ढगातून आवाज आला. “आऽऽक्छी!”

“एक!” गाव म्हणालं. सवयच लागली होती.

“आऽऽक्छी!”

“दोन! डबल!” अभिमन आबांनी उडी मारली. “हो सांगं! महाराजना तोंडे मायनी हो सांगं! सुई द्या! बठ्ठासले सुई द्या!”

“आऽऽक्छी! मरी गऊ रे माय! पानी द्या कोणी!” महाराजांची पुस्तकी मराठी पहिल्या तीन शिंकांतच संपली होती. पुढच्या बारा त्यांनी अस्सल गावठीत दिल्या.

इकडे आबांच्या हुकमासरशी लोक शेळ्या आणायला पळायच्या बेतात होते. मला वाटलं, जमलं! काम झालं. पण मॅडमनी बर्फाच्या पेटीचं झाकण धाडकन बंद केलं आणि तिच्यावर चढून बसल्या.

“नाही. शिंकेवर मी लस देत नाही.”

“पण मॅडम, तयार झालेत ना लोक,” मी कुजबुजलो.

“आज याच्या शिंकेवर घेतील, उद्या दुसऱ्याच्या शिंकेवर नाकारतील. ऐकून घेऊन, समजून आणणार असतील तरच झाकण उघडेल.” मग त्या गर्दीकडे वळल्या. “साक्रीला झालंय काय, ते आधी ऐका. एक माशी असते. ती मेंढीच्या नाकाशी बारीक अळ्या सोडते. त्या आत वाढतात, नाक हुळहुळतं, मेंढी शिंकते, डोकं झटकते, पाय आपटते. औषध आहे, आजच देते. सोमवारी दिसलं ते हे. त्यावर यांनी तपकीर लावली. दुखऱ्या नाकात तपकीर! तुमच्या नाकात घातली तर तुमच्याही अंगात येईल. आत्ता आली तशी.”

खाली महाराज अठराव्या शिंकेवर होते.

“पण मॅडम,” ताईबाई चिकाटीची, “फळावर तर देवी लिखेल शे.”

“हो, ते कोणी लिहिलं?” मॅडमनी विचारलं.

आता नोंदीची ती जागा आली. मी हात वर केला.

“मी लिहिलं. तालुक्याच्या कार्यालयातून फोन आला होता, ‘परिसरात मेंढ्यांमध्ये देवी या रोगाची लागण, शेळ्यांनाही त्याच जातीचा रोग संभवतो, शुक्रवारी लसीकरण’. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात कचऱ्याचा नियम रंगवलेला आहे. खडू बोटाच्या पेराएवढा उरला होता. मी रोग गाळला, लस गाळली. देवी ठेवली. आणि नंतर गंमत वाटली म्हणून खुलासा केला नाही.”

खाज्या माझ्याकडे बघत होता. सव्वीस वर्षांत मी कोणाच्या नजरेला एवढा घाबरलो नव्हतो.

“देवी हे रोगाचं नाव आहे,” मॅडम म्हणाल्या. “अंगावर फोड येतात, ताप येतो, कोकरं दगावतात. आबा, जरा इकडे या. डावी बाही वर करा.”

आबांनी बुचकळ्यात पडून बाही सारली. दंडावर जुना, गोल, खडबडीत व्रण.

“हा कशाचा?”

“हा ना? शाळामा व्हतो तव्हय देवी काढेल…” आबा मध्येच थांबले. तोंड उघडंच राहिलं. हळूहळू त्यांनी स्वतःच्या दंडाकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग पुन्हा दंडाकडे. “आवं… देवी काढेल शे माले!”

“म्हणजे काय केलं होतं?”

“सुई टोचेल व्हती.”

“देवी रागावली?”

“नही व. सरकारनी टोची, मी रडनू, माय म्हणे गूळ खा.” आबांना घाम फुटला होता. “मंग ती देवी आणि हाई देवी…”

“माणसांना यायची ती देवी लस टोचून टोचून जगातून गेली. ही मेंढ्यांची, तिच्या नात्यातली. माणसाला होत नाही, पण कळप बसवते. एकदा आली की औषधाने परत जात नाही. येण्याआधी टोचावं लागतं, आणि अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. आणि चार दिवस तुम्ही गावोगावच्या शेळ्या-मेंढ्या एका बाकाला घासायला आणल्यात. रोगाने पत्ता विचारला असता तर यापेक्षा सोयीचा दिला नसता कोणी.”

यावर ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

पहिला बोलला खाज्या. त्याने खिशातून कुंकवाची पुडी काढली, हुंगली, एकदा जोरात शिंकला आणि पुडी टेबलावर ठेवली. “मॅडम, मन्या शेळ्या पाडावर शेतस. नऊ किलोमीटर. आणस तवलग दुपार व्हई, तुमनी पेटीना बर्फ टिकी का?”

“तू नको आणू. इथलं संपलं की मीच येते.”

तेव्हा झाकण उघडलं.

*

पहिली सुई साक्रीला. तिला धरायला माणूस हवा होता. नाकाशी चार दिवस ओळख असलेला एकच माणूस हजर होता, त्यालाच बसवलं. भटूने सुजलेल्या डोळ्यांनी साक्रीची मान धरली आणि विचारल्याशिवायच सांगून टाकलं की तो बोदवड स्टेशनावर तपकीर विकायचा. “आते कोणी तपकीर वढस नही, भाऊ. दोन पेट्या माल पडेल व्हता. सोमवारले गाडीमा तुमनी मेंढीनी बात ऐकी. काय करू?” पोलीसपाटील त्याला घेऊन जाईपर्यंत त्याने एकसष्ट मेंढ्या-शेळ्या धरल्या. एकूण आयुष्यातलं हे त्याचं पहिलं उपयोगी काम असावं, पण त्याची माझ्याकडे अधिकृत नोंद नाही.

दुपारी मी मॅडमच्या मोटारसायकलवर मागे बसून, पेटी मांडीवर घेऊन पाड्यावर गेलो. खाज्याच्या अकरा शेळ्या मीच एकेक धरल्या. एकीने माझा चष्मा तोडला. मी तक्रार केली नाही.

नंतर खडूंचे आणखी दोन डबे मागवले. कचऱ्याचा नियम दुसऱ्या भिंतीवर गेला. आता फळ्यावर सूचना पूर्ण असते. इतकी पूर्ण, की अभिमन आबा म्हणतात, वाचता वाचता तारीख उलटून जाते. उलटू दे.

कोणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, वही काढा. दोनच रकाने आखा. चमत्काराच्या आधी प्रत्येक वेळी काय घडलं, हा एक. आणि चमत्कार करणारा जेवायला गेला तेव्हा काय घडलं, हा दुसरा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर समजून घ्या, आणि शेजाऱ्यालाही समजवा. हसण्यात चार दिवस घालवू नका. मी घालवले, तेवढ्यात खाज्याच्या अकरा शेळ्या जात होत्या.

परवा सकाळी सात वाजता नानांच्या खळ्यावरून चाललो होतो. सातही मेंढ्या ओळीत, नाना घंटी घेऊन तयार. कमलअक्का हल्ली स्वतः वेळापत्रकाशी उभी असते, “यावल कोठे शे?” हे तिनेच विचारलं. नाना निघणार, तोच साक्री शिंकली. साधी, सकाळच्या गारव्याची, एकच शिंक. शेजारच्या ओट्यावर अभिमन आबा चप्पल घालत होते. एक पाय चपलेत, एक हवेत, तसेच थांबले. नानांचाही हात अधांतरी राहिला. मी तिघांकडे बघत होतो आणि खिशातल्या पेन्सिलीकडे हात नेत होतो.

आबांनी पाय चपलेत घातला. “सर्दी शे तिले,” ते तोंड फिरवून म्हणाले. “जा, नाना, लेट व्हई जाई.”

टण. टण.